मुलांना घेऊन रोम : एका दिवशी एकच अवशेष, आणि मग पिझ्झा

रोमहून परतल्यावर ज्याने त्याने धाकटीला विचारलं, ‘काय काय पाहिलंस गं?’ तिचं उत्तर ठरलेलं होतं : ‘नळ.’

रोमच्या गल्लीबोळांत ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत. तोटी वाकडी, नाकासारखी, म्हणून तिथले लोक त्यांना ‘नासोनी’ म्हणजे मोठी नाकं म्हणतात. १८७४ पासून ते बसवले गेले, आज साधारण अडीच हजार आहेत. पाणी अखंड वाहतं, थंडगार असतं आणि खुशाल प्यावं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते आणि वाकून थेट पिता येतं. धाकटीने पहिल्यांदा दाबलं तेव्हा ती धार मागे उभ्या असलेल्या सासूबाईंच्या चष्म्यावर गेली. पुढचे आठ दिवस प्रत्येक नळाशी हा कार्यक्रम झाला.

हे आधी सांगतेय, कारण सहलीचा बेत आखताना माझी चूक इथेच झाली होती. मी सम्राटांची यादी काढून बसले होते. मुलांना सम्राटांशी काही देणंघेणं नसतं. ही माणसं पाणी कुठून आणायची, काय खायची, शी कुठे करायची, गाडी वळवताना भांडायची का, एवढंच त्यांना हवं असतं. त्या हिशेबाने ठिकाणं निवडली की रोम मुलांना पेलतं. आम्ही पाच जण होतो : आम्ही दोघं, अकरा वर्षांचा थोरला, सहा वर्षांची धाकटी आणि कडक शाकाहारी सासूबाई.

कधी जायचं

आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघता मे किंवा दिवाळी. मे चांगला : ऊन बेताचं आणि दिवस रात्री आठनंतरही संपत नाही. फक्त १ मे टाळा. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिन. त्या दिवशी नेपल्सजवळचं जुनं शहर पॉम्पेई बंद आणि रोमच्या बस-मेट्रोही कमी धावतात. दिवाळीत हवा छान असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. मग पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि कोलोसियम साडेचारलाच बंद होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना त्या तापलेल्या दगडांवर नेऊ नका. कुणी विमानाचं तिकीट फुकट दिलं तरी नको.

व्हिसा आणि तिकिटं

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. मेसाठी मी फेब्रुवारीतच लागेन, कारण अर्ज देण्याची वेळ मिळवणं हेच मोठं काम असतं. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलाला नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आधीच तयार ठेवा.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि चांगल्या वेळा पटापट संपतात. गजर लावून बसा. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट, पण त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट त्याच वेळी काढावं लागतं. तिकिटावर नाव असतं आणि दारात पासपोर्ट बघतात. मी घाईघाईत धाकटीचं घरातलं नाव टाकलं. पासपोर्टवर आहे आजोबांनी पत्रिका बघून ठेवलेलं भारदस्त नाव. दारातला माणूस एकदा पासपोर्टकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. शेवटी हसून त्याने आत सोडलं, पण ती पाच मिनिटं माझ्या पोटात गोळा होता. पासपोर्ट समोर उघडून अक्षर न् अक्षर जुळवा.

सामानात दोन गोष्टी. रोमचे रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे आहेत, बारीक चाकांची बाबागाडी तिथे रडकुंडीला येते. मोठ्या चाकांची न्या किंवा मूल पाठीवर घ्या. आणि युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढ्यांचा डबा घरीच राहू दे. चिवडा आणि मेतकूट बिनधास्त न्या.

दिवस कसे लावायचे

पोहोचल्याच्या दिवशी काहीही ‘बघायचं’ नाही. संध्याकाळी लार्गो दी तोर्रे अर्जेंतिना या चौकात जा. रस्त्याच्या पातळीखाली चार जुन्या देवळांचे अवशेष आहेत आणि त्यांवर मांजरांचं राज्य आहे. तिथे मांजरांसाठी आश्रयस्थानच आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरला भोसकलं ती सभागृहाची जागा इथेच. थोरल्याने सीझरची गोष्ट ऐकली, धाकटीने अकरा मांजरं मोजली, दोघंही खूश.

दुसऱ्या दिवशी लगेच कोलोसियम गाठू नका. आधी ओस्तिया अँतिका करा. हे रोमचं जुनं बंदर. मेट्रोच्या पिरामिदे स्टेशनाला लागूनच पोर्ता सान पाओलो स्टेशन आहे, तिथून लोकलने अर्धा तास. शहराचं साधं तिकीट चालतं आणि रोमच्या बस-मेट्रोत दहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सोमवारी ओस्तिया बंद असतं. गर्दी कोलोसियमच्या मानाने नगण्य, झाडं भरपूर आणि मुलं घरांच्या आतबाहेर मनसोक्त पळू शकतात.

इथे तीन गोष्टी शोधायला लावा. पहिली, सार्वजनिक संडास : भिंतीला लागून संगमरवरी बाक आणि त्यात ओळीने भोकं, मध्ये आडोसा काहीच नाही. आमच्याकडे इथे पंधरा मिनिटं नुसतं हसू होतं. दुसरी, व्यापाऱ्यांचा चौक. आजूबाजूच्या पेढ्यांसमोर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची चित्रं आहेत, म्हणजे दुकानाच्या पाट्याच. कुठे जहाज, कुठे दीपस्तंभ. हत्तीचं चित्र आहे ते आजच्या लिबियातल्या साब्राथा शहराच्या व्यापाऱ्यांचं. वाचता न येणाऱ्यालाही दुकान सापडावं, अशी सोय. तिसरी, खानावळ. संगमरवरी कट्टा, मागे फळ्या आणि भिंतीवर रंगवलेले खाण्याचे पदार्थ. कट्ट्यापलीकडे धाकटी उभी राहिली आणि आम्हाला तासभर न दिसणारे वडे विकले.

कोलोसियम तिसऱ्या दिवशी, सकाळची वेळ घेऊन. आत जाण्याआधी बाहेरच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी थांबा आणि कमानींवरचे अंक शोधा. एकूण ८० कमानी होत्या, सुमारे ५०,००० प्रेक्षक त्यांतून आत जायचे आणि प्रत्येकाच्या जागेवर कमानीचा अंक ठरलेला असायचा. स्टेडियमवर आपण गेट नंबर बघतो तसंच. आज २३ ते ५४ हे अंक दिसतात. शाळेत रोमन अंक झालेल्या मुलाला हे काम द्या. आमचा थोरला ४४ पाशी अडून बसला. ‘आई, हे चुकलंय. चार म्हणजे पाचाच्या आधी एक रेघ. यांनी चार रेघा मारल्यात. आमच्या बाईंनी मार्क कापले असते.’ रोमन लोक स्वतः बऱ्याचदा चार रेघाच मारायचे. हे कळल्यावर तो बाईंशी हिशेब चुकता करायला उतावीळ झाला.

आत दीड तास पुरे. व्हेस्पेशियन बादशहाने साधारण इसवी सन ७२ मध्ये काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा टायटस याने ८० मध्ये उद्घाटन केलं. मुलांना याहून जास्त रस तळघरात असतो. जनावरांचे पिंजरे दोरखंड आणि कप्प्यांनी वर ओढून रिंगणात सोडायचे. तळघरासाठी वेगळं तिकीट लागतं, पण वरून खाली डोकावूनही कल्पना येते. इथल्या माणसांच्या आणि जनावरांच्या लढायांतल्या रक्तपाताबद्दल किती सांगायचं ते आधी घरात ठरवा. आम्ही ‘कुस्तीसारखं, पण फार वाईट’ इथे थांबलो.

साधं तिकीट १८ युरोचं. ते २४ तास चालतं आणि त्यात शेजारचा फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आणि पॅलेटाइन टेकडीही येते. ‘सगळं आजच’ म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. कोलोसियम आज अकराला केलंत तर फोरममध्ये उद्या सकाळी उघडल्या उघडल्या शिरा. मधली दुपार झोपेसाठी. मूल फारच चुळबुळत असेल तर जवळचं सर्कस मॅक्सिमस गाठा. सहाशे मीटर लांबीचं हे रथांच्या शर्यतीचं मैदान आज मोकळं गवत आहे. आमच्या दोघांनी तिथे ‘रथ’ पळवले आणि त्या रात्री साडेआठलाच झोपले.

खरं सांगायचं तर फोरम मुलांसाठी अवघड जागा आहे. नुसते खांब. आम्ही एकाच वासाच्या मागे गेलो : मिरे. मॅक्सेन्शियस बादशहाच्या भल्यामोठ्या कमानींखाली त्याआधीची गोदामं होती, डोमिशियन बादशहाच्या काळातली, आणि त्यांचं नावच मिऱ्यांची कोठारं. मिरे यायचे आपल्या मलबार किनाऱ्यावरून, पावसाळी वाऱ्यांवर निघालेल्या जहाजांनी. प्लिनी नावाचा रोमन लेखक कुरकुरला होता की, हिंदुस्थान रोमकडून वर्षाला पाच कोटी सेस्टर्सिस, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. सासूबाईंना हे फार आवडलं. ‘म्हणजे आपणच यांना लुटत होतो,’ म्हणाल्या.

फोरममधून बाहेर पडल्यावर मुलांमध्ये दम उरला असेल तर कोलोसियमपासून पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलं की चौथ्या शतकातलं, आणखी उतरलं की रोमन काळातली घरं आणि मित्र (मिथ्रास) नावाच्या देवाचं ठाणं. अगदी खाली भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. इथे आणि प्रत्येक चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पिशवीत एक ओढणी असू द्या.

पाचवा दिवस हलका, फक्त पँथिऑन हे घुमटाचं जुनं देऊळ. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक प्रचंड चेंडू बरोबर मावेल. लोखंडी सळ्यांशिवाय ओतलेला काँक्रीटचा एवढा घुमट जगात दुसरा नाही आणि हा उभा आहे हेड्रियन बादशहाच्या काळापासून, १९०० वर्षं. मध्यावरचं भोक उघडं आहे, पाऊस आत पडतो. जमिनीत पाणी जायला बारीक भोकं आहेत, ती मुलांना शोधू द्या. पाऊस आलाच तर सगळे आडोसा शोधतील तेव्हा तुम्ही इथे या. तिकीट ५ युरो, मुलांना फुकट.

सहाव्या दिवशी जलसेतूंचं उद्यान. मेट्रोच्या अ मार्गावर जूलियो अग्रिकोला स्टेशनला उतरून थोडं चालायचं. कुरणात कमानींची रांगच्या रांग उभी आहे, दूरच्या डोंगरांतलं पाणी नुसत्या उतारावर शहरात आणणारी. तिकीट नाही, रांग नाही. डबा घेऊन जा. धाकटीच्या नळांची गोष्ट इथे पूर्ण झाली.

खाण्याचं गणित

मुलांना आधी एक गंमत सांगा : जुन्या रोमनांनी टोमॅटो कधी पाहिलाच नाही. तो अमेरिकेतून आला सोळाव्या शतकात, आपल्याकडे मिरची आणि बटाटा आले तसाच. आज जे ‘अस्सल’ इटालियन म्हणून खाऊ, ते सीझरला ओळखू आलं नसतं.

सकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये जा. तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. उभ्याने घेतलं तर स्वस्त, टेबलावर बसलात की भाव वाढतो. नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर दुधाचा पेला येतो. यांना दोनदा आला आणि दोन्ही वेळा मुलांनी संपवला. गरम दूध हवं तर ‘लात्ते काल्दो’.

दुपारी जेवायला बसू नका. ‘पित्झा अल तालियो’ म्हणजे वजनावर मिळणारा पिझ्झा घ्या. लांबलचक ट्रे असतात, हाताने दाखवायचं इथपर्यंत, ते कात्रीने कापतात आणि तोलतात. भाव ‘एत्तो’चा म्हणजे १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो. पाटीवरचा आकडा बघून ‘किती स्वस्त’ म्हणत अर्धा ट्रे मागवू नका. बटाटा आणि रोझमेरीचा तुकडा आमच्याकडे सगळ्यात आधी संपायचा, बटाट्याच्या काचऱ्या पोळीवर पसरल्यासारखा लागतो.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळणं कठीण, निदान चांगल्या जागी तरी. म्हणून पाच वाजता मुलांना आइस्क्रीम, म्हणजे जेलातो, द्यायला मी मागेपुढे पाहिलं नाही. पिस्त्याचा रंग मळकट हिरवा असेल तिथे थांबा, पोपटी असेल तिथून पुढे चला.

शाकाहाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पुरत नाही. ‘सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ही म्हणा, कारण भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. सुप्ली ही तळलेली भाताची गोळी पोरांना आवडते, पण पारंपरिक सुप्लीत खिमा असतो. भोपळ्याच्या फुलांची भजी बघून हरखू नका, आत चीजबरोबर बहुधा छोटी खारवलेली मासळी असते. ‘अलीची’ किंवा ‘अच्चुगे’ हे शब्द पाठ करा. कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रीचा तिन्हींत डुकराचं मांस. उरतो काचो ए पेपे : पास्ता, पेकोरिनो चीज आणि मिरे. अंडं चालत नसेल तर तो स्पगेटीत मागा, ताज्या पास्त्यात बहुतेक अंडं असतंच.

फोरमच्या दिवशी रात्री आम्ही हेच मागवलं. ताट आलं तेव्हा वाफेबरोबर आधी मिऱ्यांचा वास आला, भरड कुटलेल्या. चीज आणि पास्त्याचं पाणी एकजीव होऊन झालेली दाटसर सायीसारखी आमटी प्रत्येक धाग्याला चिकटली होती. थोरला म्हणाला, ‘कोठारातले संपले वाटतं.’ सासूबाईंनी ताट चाटून पुसून स्वच्छ केलं. दोन दिवसांनी मला राहवलं नाही, मी सांगितलं की पेकोरिनो आणि परमेजान जमवताना वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला पदार्थ वापरतात. ‘हे तू मला आज सांगतेयस?’ एवढंच म्हणाल्या आणि मरिनारा पिझ्झा मागवला. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, चीज नाहीच. कडक शाकाहाऱ्यांसाठी इटलीत याहून निर्धास्त काही नाही. तुमच्या घरात कुणी असं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

पॉम्पेई आणि नेपल्स

रोमहून एका दिवसात पॉम्पेई करून परत येता येतं, पण मुलांसह करू नका. वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासाच्या आत येतं, तिथे दोन रात्री राहा. नेपल्सहून चिर्कुमवेसुवियाना ही लोकल घ्या आणि ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ याच स्टेशनवर उतरा. डब्यात आपल्या विरारसारखी गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात हवं. रोज २०,००० च लोकांना आत सोडतात, तिकीट नावावर असतं, तेव्हा आधी काढा.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर ६६ हेक्टरांचं आहे आणि सावली जवळजवळ नाही. उघडताना शिरा, तीन तासांत बाहेर पडा. मुलांसाठी रस्ता हेच प्रदर्शन. रस्ते ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवले आहेत, पाय चिखलात पडू नये म्हणून, आणि दोन दगडांमध्ये गाडीची चाकं जातील एवढी जागा सोडली आहे. चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दगडात खोल उतरल्या आहेत. धाकटीने चाकोरीत हात घातला, मनगटापर्यंत गेला. पुढे बेकऱ्या बघा, दगडी जाती आणि भट्टी अजून जागच्या जागी. एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन सापडले, आठ फोडींच्या खुणा असलेले. तसे पाव नेपल्सच्या संग्रहालयात दिसतात.

राखेतल्या माणसांचे प्लास्टरचे साचे बघायचे की नाही, हे तुमच्या मुलांवर. १८६३ मध्ये इथलं उत्खनन करणाऱ्या फिओरेली यांनी ही पद्धत काढली, राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओतायची. थोरला गप्प होऊन बघत राहिला. पळून जाणाऱ्यांच्या बागेत १३ जण आहेत, त्यांत लहान मुलंही. धाकटीला मी तिथे नेलं नाही. मूल पाचाच्या आत असेल तर पॉम्पेई सोडून एर्कोलानो, म्हणजे तसंच गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम, करा, आटोपशीर आहे आणि तिथे लाकूडही जळून टिकलंय.

नेपल्समध्ये पिझ्झा पहिल्या रात्रीच खा. कडा फुगलेल्या, मधला भाग इतका मऊ की तुकडा उचलला की वाकतो. काटा-सुरी देतात, वापरा.

शेवटचा दिवस पुरातत्त्व संग्रहालयाचा. मंगळवारी बंद असतं. पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली, आपल्याकडून गेलेली हस्तिदंती मूर्ती इथे आहे, लोक तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. पण ती ‘गुप्त दालना’त ठेवली आहे आणि त्या दालनातलं बाकीचं सगळं पक्कं प्रौढांसाठी आहे. चौदाच्या आतल्या मुलांना मोठ्यांबरोबरच सोडतात. आम्ही पाळ्या लावल्या : हे मुलांना घेऊन पावांपाशी थांबले, मी आणि सासूबाई आत गेलो.

वीतभर उंच बाई, हातापायांत बांगड्या आणि वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. आरशाची मूठ असेल किंवा मेजाचा पाय. अशाच मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात सापडल्या, म्हणून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ही तिकडचीच असावी असं मांडलं. सासूबाईंचं माहेर जालन्याचं. चष्मा वर करून त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या.

‘आमच्या भोकरदनला अजून रेल्वे आली नाही,’ म्हणाल्या, ‘आणि ही बया दोन हजार वर्षांपूर्वी इथे पोचली?’